पूजेत बसवलेला मास्क

"त्यालाबी कुंकू लाव," मी प्रल्हादला म्हणाले. "कपाळ नाही म्हणून काय झालं? काचेवर लाव."

प्रल्हादच्या हातात गॅसचा मास्क होता. काळं रबर, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा आणि तोंडाच्या जागी पत्र्याचा डबा. तो मास्क धरून नुसता उभा राहिला.

"आक्का, इसाकचाचा हे पूजेत ठेवू देत न्हवते."

"इसाकचाचा आता कुठं हाय?"

त्यानं अंगठ्यानं मास्कची काच पुसली.

"मग ठेव. मधोमध ठेव. तीस वर्षं त्याच्या तोंडावर होता. त्याचं थोबाड म्हणून तरी एकदा देवाजवळ बसू दे."

चौदा वर्षं झाली ह्या गोष्टीला. खंडेनवमीचा दिवस, दुपारचे बारा वाजायला आलेले. तासगावच्या रस्त्याला आमचं कोल्ड स्टोरेज, चार चेंबर, चारीच्या चारी बेदाण्याच्या बॉक्सनी छतापर्यंत भरलेली. मी शाळा शिकले दुसरीपर्यंत, पण ह्या टापूत आमच्या स्टोरेजचं नाव निघालं की लोक आधी हौसाक्काचं नाक सांगायचे आणि मग इमारत कुठं आहे ते सांगायचे.

नाकाचं कारण असं. घरातल्या फ्रिजमध्ये गॅस असतो तो चिमूटभर. आमच्याकडं अमोनिया, तो टनाच्या हिशेबात. मशीन रूममधला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, वर पाण्याखाली तो निवतो, निवला की त्याचं पाणी होतं, आणि ते पाणी चेंबरमधल्या कॉइलमध्ये जाऊन परत गॅस होताना मालाची सगळी ऊब ओढून घेतं. हे मला आमच्या मालकांनी तीनदा समजावलं होतं. कळलं तिसऱ्यांदा, मान मात्र मी पहिल्यांदाच डोलवली होती. माझा स्वभावच तसला.

अमोनियाचा एक चांगला गुण आहे. तो चोरून येत नाही. आधी नाकात काडी घातल्यासारखा वास येतो, मग डोळे जातात, मग छाती. ज्याला पहिला वास कळला तो वाचला. आणि पहिला वास नेहमी मला कळायचा. मशीन रूमच्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि नुसतं सांगायचं, "इसाक, दोन नंबरच्या वॉल्व्हची ग्लँड बघ." ग्लँड म्हणजे वॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं बूच. इसाक मुजावर आमचा ऑपरेटर. तो गंधकाची कांडी पेटवून तिथं न्यायचा. कांडी म्हणजे गंधकात बुडवलेली सुताची जाड वात. तिचा धूर एरवी निळसर, पातळ. जिथं गळती असेल तिथं तो एकदम दुधासारखा पांढरा होतो. दहापैकी दहा वेळा माझ्या बोटाखाली धूर पांढरा व्हायचा आणि इसाक म्हणायचा, "कमाल हाय बगा आक्का तुमची."

त्या खंडेनवमीच्या दोन वर्षं आधी मला ताप आला. आठ दिवस नाक गच्च झालं, आणि सुटलं तेव्हा वास गेला होता. भाकरी करपली तरी कळेना. नाकाशी लसूण चेचून बघितला, रॉकेल हुंगून बघितलं. काही नाही. पाटी कोरी.

कुणाला सांगितलं नाही मी. का सांगायचं? मालक गेल्यावर भावकीतले चौघं "बाईमाणसाला झेपायचं न्हाई" म्हणत दारात आले होते, त्यांना मी ह्याच नाकाच्या जोरावर परतवून लावलं होतं. माणसांची तोंडं बघून वास ओळखायला शिकले मी. इसाक तर सोपाच. मी आले की एखाद्या वॉल्व्हपाशी तो उगाच रेंगाळायचा, खोकायचा, धोतराच्या टोकानं पाईप पुसायचा. मी लगेच म्हणायचे, "तिथंच हाय बघ." तो म्हणायचा, "कमाल हाय." मला वाटायचं, मी म्हाताऱ्याला छान बनवते आहे.

मग माघात इसाक झोपेतच गेला, आणि मशीन त्याच्या हाताखालच्या प्रल्हादकडं आलं. त्यानंतरचे आठ महिने एकदाही गळती निघाली नाही. मी म्हणत होते, माझं नशीब.

तर त्या दिवशी तीन नंबर चेंबरच्या दारासमोर पूजा मांडली. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात. पाने, वॉल्व्हच्या चाव्या, हातोड्या, गंधकाच्या कांड्यांचा डबा, शेजारी मी कुंकू लावून ठेवलेल्या दोन कांड्या, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, ज्वारीची कणसं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हत्यार झोपलं म्हणतात. आणि हा नेम मी असा पाळायचे की एका वर्षी एका हमालानं पूजेतली हातोडी उचलली, तर त्याला तिथल्या तिथं घरी बसवला होता.

इसाक मुसलमान, पण पूजा तोच मांडायचा, आणि आमच्यातल्या कुणाहूनही नीट. फक्त मास्क खिळ्यावरून काढायचा नाही. "आक्का, बाकीची झोपू देत. ह्याला झोपवायचं न्हाई," म्हणायचा. मी दरवर्षी हसायचे. ह्या वर्षी तो नव्हता आणि मी मास्क मधोमध बसवला.

बारा वाजता प्रल्हादनं तासाभरासाठी कॉम्प्रेसर बंद केला. मशीनचीपण पूजा करायची असते ना. ती घरघर रात्रंदिवस कानात असते, त्यामुळं ती थांबली की कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटतं. आठ हमाल, प्रल्हाद, माझी सून वृषाली आणि मी. उदय, माझा मुलगा, सांगलीला सौद्याला गेलेला. वृषालीनं धुपाटण्यात ऊद टाकला, बचकभर. धुरानं माणसाला माणूस दिसेना.

ह्या वृषालीबद्दल सांगते. बी.कॉम. शिकलेली, ऑफिस तीच बघायची. बोलणं कमी, ऐकणं जास्त. मला तसली माणसं आवडायची नाहीत, पोटात काय आहे कळत नाही. चार वर्षांत एकदाही उलटून बोलली नव्हती, आणि त्याचाच मला राग होता.

आरती झाली. मी पूजेसमोर पाटावर बसले होते. समोर मास्क. कपाळावर झेंडूची माळ, दोन्ही काचांवर प्रल्हादनं ओढलेली कुंकवाची बोटं. माणूस गेल्यावर फोटोला घालतात तसा दिसत होता. मी बघत होते, आणि त्याच्या डाव्या काचेवर वाफ धरली.

आली, गेली. परत आली, गेली.

"प्रल्हाद, हे काय रं?"

"गार पॅसेजमधनं काढलाय आक्का. दव धरतंय."

मी पुढं होऊन बोटानं काच पुसली. कुंकू फिसकटलं. वाफ तशीच. ती आतल्या बाजूनं होती.

आली, गेली.

मी हात पदराला पुसला आणि मागं बसले. आठ हमालांसमोर हौसाक्का घाबरली असं व्हायला नको.

तेवढ्यात प्रल्हादनं डोळे चोळले. "आक्का, डोळं चुरचुराय लागल्यात."

"ऊद हाय."

"उदाचं असं होत न्हाई. आक्का, तुम्ही जरा वास घ्या की."

सगळे थांबले. मला आठवतंय, एका हमालाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता, तो त्यानं तोंडापाशीच धरून ठेवला. सगळे माझ्या नाकाकडं बघायला लागले, देवीचा कौल बघतात तसे.

मी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. उजवीकडं मान वळवली, डावीकडं वळवली, आधी करायचे तसं सगळं केलं. आत काहीही नव्हतं. ऊद नाही, झेंडू नाही, भिंत नुसती.

"ऊद हाय," मी म्हणाले. "तुझ्या डोळ्यात गेलाय. एवढा मोठा आयटीआय झालास, धूर कळंना?"

हमाल हसले. प्रल्हादपण ओशाळून हसला. खोबरं तोंडात गेलं.

वृषाली तेवढी हसली नाही. माझ्याकडं बघत होती. मग खाली वाकून पूजेतलं तबक घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला. "आत्ती, तीन नंबरच्या कॉइलला हळदकुंकू राहिलंय. लावून येते."

"आत्ताच?"

"मशीन बंद हाय तोवर."

"जा. आणि दार लावून घे. गारवा जाईल."

हे माझे शब्द. दार लावून घे.

ती गेली. तीन नंबरचं जाड दार धप्प करून बसलं.

मी परत मास्ककडं बघितलं. काच कोरडी होती. वाफ येत नव्हती. का कोण जाणे, त्यानं मला जास्त भीती वाटली. मगाशी कुणीतरी श्वास घेत होतं आणि आता तो उठून गेला होता, असं.

आणि मग मला वास आला.

दोन वर्षांनी. लक्षात घ्या, मला उदाचा वास येत नव्हता, माझ्या मांडीवर पडलेल्या झेंडूचा येत नव्हता. एकच वास, सुईसारखा: जळक्या गंधकाचा. इसाकच्या हातांना, बंडीला, त्याच्या चहाच्या कपाला यायचा तो.

"कांडी कुणी पेटवली?" मी ओरडलेच.

"कुणी न्हाई आक्का. डबा पूजेत हाय की."

डबा पूजेतच होता, झाकण लावलेला, वर फूल. वास मात्र दाट व्हायला लागला, आणि तो एका बाजूनं येत होता. मी उठले. वासाच्या मागं चार पावलं गेले. तीन नंबरच्या दारापाशी हवेत एक धुराची रेघ उभी होती. निळसर, पातळ. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवरून निघालेली. बरोब्बर जिथं इसाक कांडी धरायचा तिथून. मी बघता बघता ती दाराच्या फटीकडं वाकली आणि दुधासारखी पांढरी झाली.

"प्रल्हाद, हे दिसतंय का तुला?"

"काय आक्का?"

त्याला दिसत नव्हतं. आणि तेवढ्यात दाराच्या आत 'फट्' असा आवाज झाला. मोठा नाही. उशी आपटल्यासारखा.

हा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. प्रल्हादचं तोंड पांढरं पडलं. "वॉल्व्हची ग्लँड उडाली. मशीन बंद केलं की तिकडचा दाब वाढतोय... आक्का, वहिनी आत हाईत!"

"लाईन बंद कर!"

तो धावला आणि पूजेसमोर येऊन थांबला. वॉल्व्हची चावी पूजेत होती. कुंकू लावलेली, माळ घातलेली. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, माझ्याकडं बघितलं. एवढं होऊनही त्याला माझी भीती वाटत होती. सून आत मरते आहे आणि माणूस माझा नेम मोडायला भितोय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी काय करून ठेवलं आहे.

"मोड," मी म्हणाले. "मोड ती पूजा!" आणि मीच लाथेनं पाट उडवला. नारळ गडगडत गेला, समई विझली. चावी त्याच्या हातात कोंबली आणि मास्क उचलला.

"आक्का, आत मी जातो!"

"वॉल्व्ह मला बंद करता येत न्हाई. पळ!"

माळ तोडून मास्क तोंडावर चढवला. तासभर गारठ्यात पडलेलं रबर. त्याच्या आत ऊब होती. आत्ताच कुणीतरी तोंडावरून उतरवल्यासारखी. ओलसर ऊब.

वेळ नव्हता विचार करायला. एका हमालानं दार ओढलं, मी आत गेले. बाकीचे खोकत मागं पळाले.

कुंकवाच्या काचेतून सगळं लाल दिसत होतं. डोक्यावर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज, आणि वरून खाली येणारा ढग. मानेला, काखेत, घाम होता तिथं तिथं निखारे ठेवल्यासारखं. दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या थप्प्या. हातभर पुढचं दिसेना. "वृषाली!" म्हणून ओरडले तर आवाज डब्यातच राहिला.

त्या लाल ढगात एक रेघ दिसली. निळसर, पातळ. माझ्यापुढं दोन हातांवर, आणि चालत होती. कांडी धरून माणूस चालतो तशी, जरा हलत, जरा थांबत. थप्पी आली की वळत होती. मी तिच्या मागं गेले. त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत गेले, कारण ती रेघ खाली खाली वाकत गेली.

शेवटच्या थप्पीपाशी ती जमिनीला टेकली आणि विझली. तिथं वृषाली पालथी पडली होती. तोंडाला ओला पदर घट्ट धरलेला, तांब्या कलंडलेला. मी तिच्या दंडाला धरलं आणि ओढत आणलं. कशी आणली मला माहीत नाही. दारात आठही हमालांचे हात आत आले, एवढं आठवतं.

बाहेर नळाखाली तिचे डोळे धुतले, पाव तास. प्रल्हादनं लाईन बंद केली होती. मग जीप काढून सांगली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. उदय डॉक्टरांकडं गेला होता. आम्ही दोघीच. तिचे डोळे लाल, आवाज घोगरा.

"आत्ती, खाली झोपलं की गॅस वरनं जातो, आणि ओला फडका. इसाकचाचानी शिकवलेलं." मग म्हणाली, "म्हणून पाण्याचा तांब्या घेतला होता मी."

मला ते एकदम समजलं नाही. "म्हणजे? तुला माहीत होतं आत गॅस हाय ते?"

ती खिडकीकडं बघायला लागली.

"वास येत होता मला. उदातनंसुद्धा."

"मग तोंडानं का न्हाई सांगितलंस? मी नाही म्हणाले तर तू हो म्हणायचं होतंस!"

"आठ हमालांसमोर?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"इसाकचाचानी जायच्या आधी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आक्कांचं नाक गेलंय. कुणाला कळू देऊ नको. रोज सकाळी त्या यायच्या आधी तू कांडी फिरवत जा. मी फिरवत होते. कुठं पांढरं झालं की प्रल्हादला दुरुस्त करायला सांगायची. काल सकाळी पूजेच्या गडबडीत तेवढं राहिलं. म्हटलं, हळदकुंकवाचं निमित्त करावं, कुठं गळतंय तेवढं बघावं आणि हळूच प्रल्हादला सांगावं. तुम्हाला खाली बघायला लागू नये."

आठ महिने मी जिला माझं नशीब म्हणत होते, ती ही. चार वर्षं मी तिला घुमी म्हणत होते.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "पण कांडी पेटवलीस ते बरं झालं. त्या वासानंच मी..."

तिनं मान वळवली. "कांडी?"

"गंधकाची. आत पेटवलीस ना तू?"

"पेटलीच न्हाई, आत्ती. एक कांडी पूजेतनं पदराच्या गाठीत घेतली होती. काडेपेटी तबकात होती, तांब्यातलं पाणी सांडून ती भिजली. काड्या ओढून ओढून..." ती थांबली. "तुम्हाला वास आला?"

नर्सनं तिचे कपडे पिशवीत घालून खाटेखाली ठेवले होते. मी पदराची गाठ सोडली. आत कांडी होती. पिवळी, अख्खी, वर मी स्वतः लावलेला कुंकवाचा ठिपका. टोक कोरं.

आम्ही दोघींनी ती बघितली.

तेव्हापासून आजतागायत मला कशाचाही वास आलेला नाही.

संध्याकाळी मी स्टोरेजवर परत आले. दसरा होता, सगळे सोनं द्यायला थांबले होते. मशीन रूमच्या दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला वास येत न्हाई. दोन वर्षं झाली. काल प्रल्हादचं खरं होतं आणि मी खोटं बोलले. इथून पुढं वास आला की मला विचारायचं न्हाई, पळायचं." कुणी हसलं नाही. प्रल्हादनं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि पाया पडला. मला ते सहन झालं नाही, मी आत गेले.

मास्क कोपऱ्यात पडला होता. मी तो धुतला. काचांवरचं कुंकू निघायला वेळ लागला. कोरडा करून तो इसाकच्या खिळ्यावर अडकवला, पॅसेजच्या दाराच्या उजव्या हाताला, माझ्या तोंडाच्या उंचीवर.

"जागा राहा रं," मी म्हणाले.

काचेवर वाफ धरली. मी इतकी जवळ उभी होते, की ती माझ्याच तोंडाची असणार. पुसून बघितली नाही.